न ऐकणारे हात आणि दोन बाळंतपणं

तांदळाची भाकरी थापून झाली होती. परातीतून उचलून तव्याकडे नेताना माझा डावा हात एकाएकी बाहेर उडाला आणि भाकरी चुलीपुढच्या राखेत जाऊन पडली. शेजारी थोरल्या जाऊबाई भाजी चिरत बसल्या होत्या. त्या हसल्या, मीही हसले. मला तिसरा महिना सरत आला होता. अशा दिवसांत बाईचं लक्ष ठिकाणावर नसतं, असं म्हणून आम्ही दोघींनी ते सोडून दिलं. पुढची भाकरी मी नीट टाकली. त्याच्या पुढची पुन्हा पडली.

किन्हवली माझं सासर आणि मुरबाड माहेर. घरात सासूबाई, थोरले दीर आणि जाऊबाई, हे आणि मी. भाताची शेती होती, दोन म्हशी होत्या. जाऊबाईंना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माझ्या दिवसांकडे सगळ्या घराचे डोळे लागले होते.

आजार एकदम आला नाही, चढत चढत गेला. आधी बोटं आपोआप हलायची, जणू कुणी पेटी वाजवत आहे. मग खांदा उडू लागला. पाय टाकायचा एकीकडे आणि पडायचा दुसरीकडे. भरलेली कळशी हातातून दोनदा सुटली, तेव्हा सासूबाईंनी मला विहिरीवर पाठवणं बंद केलं. पण सगळ्यांत वाईट होतं ते तोंडाचं. भुवया वर जायच्या, ओठ एका बाजूला ओढले जायचे, जीभ मध्येच बाहेर यायची. एकदा जाऊबाई कामाचं काही सांगत होत्या आणि नेमकी तेव्हाच माझी जीभ बाहेर आली. त्यांना वाटलं मी वेडावून दाखवते आहे. त्या चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि मला तर समजावून सांगता येईना, कारण तोवर बोलणंही अडखळू लागलं होतं. शब्द मनात पूर्ण असायचा, तोंडातून त्याचे तुकडे पडायचे.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी पूर्ण बरी आहे. ज्या डॉक्टरीणबाईंनी मला यातून बाहेर काढलं त्या म्हणाल्या, "लिहून काढा. माझ्याकडे अशी एखादी बाई आली की मी तिला वाचून दाखवीन." ज्या बाईला हे होतं तिला वाटतं की जगात हे आपल्या एकटीलाच झालं आहे. मलाही तसंच वाटत होतं. मुरबाडच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले आहे, तेवढ्या शिदोरीवर लिहिते.

* * *

नवरात्र आलं. घरात घट बसले. पहिल्याच माळेला शेजारची एक म्हातारी आरतीला आली, तिने मला भिंतीशी बसलेलं पाहिलं. माझे दोन्ही हात उडत होते, मान झुलत होती. तिने पुढे होऊन माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि पायांवर डोकं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ओटीवर सात-आठ बाया आल्या. तिसऱ्या दिवशी सापगावहून कुणी आल्या. नारळ आले, ओटीचे खण आले. जाऊबाईंनी अबोला सोडला आणि माझ्यापुढे उदबत्ती लावली. कालपर्यंत जी बाई वेडावते म्हणून बोलणी खात होती तिला आज सगळे हात जोडत होते. मला मात्र आधीपेक्षा जास्त भीती वाटू लागली. मी आजारी आहे हे आता कुणाला दिसणारच नव्हतं.

एका बाईने विचारलं, हरवलेली म्हैस सापडेल का. मी तिला सांगायचा प्रयत्न केला की बाई, माझ्यात कुणी नाही, मला बरं नाही. जीव एकवटून बोलले. तोंडातून "नाही, नाही" एवढंच बाहेर पडलं. म्हैस गेली असं समजून ती बिचारी डोळे पुसत उठली. म्हैस दोन दिवसांनी आपली आपण घरी आली म्हणे, पण तेवढे दोन दिवस ती बाई माझ्यामुळे रडली.

सासूबाई हे सगळं पाहत होत्या. त्या देवाधर्माच्या बाई, नऊ दिवस उपास करणाऱ्या. त्यांनी कुणाला अडवलं नाही, पण कुंकवाचा करंडाही स्वतः पुढे केला नाही. मला भरवायचं काम त्यांच्याकडे होतं. दुपारी जेवण झालं की त्या मला आतल्या खोलीत निजवत आणि शेजारी वाती वळत बसत.

सहाव्या माळेच्या दुपारी मला गाढ झोप लागली. जाग आली ती ओटीवरच्या बोलण्याने. सासूबाई दारात उभ्या होत्या आणि बाहेर बसलेल्या बायांना सांगत होत्या, "देवी काय दुपारची झोपते गो? ही निजली की हात हलत नाय का मान हलत नाय. उठली की परत सुरू. हे देवीचं नाय. माझ्या सुनेला बरं नाय. जा बायांनो आपापल्या घरी."

कुणीतरी म्हणालं की असं बोलू नये, कोप होतो. सासूबाई म्हणाल्या, झाला तर माझ्यावर होऊ दे. आणि त्यांनी दार लोटून घेतलं. आत येऊन त्यांनी माझ्या कपाळावरचं सगळं कुंकू ओल्या फडक्याने पुसलं, आणि मग स्वतःच्या बोटाने एक लहान टिकली लावली, रोजच्यासारखी.

* * *

दसरा झाल्यावर बैलगाडीने आम्ही शहापूरला निघालो. सासूबाई, हे आणि मी. गाडीत खाली पेंढा आणि वर गोधड्या घातल्या होत्या, तरी माझं डोकं दांडीवर आपटायचं, म्हणून सासूबाईंनी ते वाटभर मांडीवर धरलं. शहापूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला नीट तपासलं आणि सांगितलं, हे माझ्या आवाक्यातलं नाही, कल्याणला एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांचं बायकांचं लहानसं इस्पितळ आहे, तिथे न्या. आसनगावला आगगाडी पकडून आम्ही कल्याणला गेलो. यांनी मुरबाडला निरोप पाठवला होता, त्यामुळे माझी आईही सर्व्हिस मोटारीने थेट कल्याणला आली.

डॉक्टरीणबाई चष्मा लावणाऱ्या, पांढऱ्या लुगड्यातल्या, पन्नाशीच्या आसपासच्या होत्या. त्यांनी मला नाव विचारलं. सासूबाई माझ्या वतीने सांगू लागल्या तर त्यांनी हाताने थांबवलं आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. "जा" बाहेर पडलं, मग जीभ आडवी गेली, मग पुन्हा "जा". त्या थांबून राहिल्या. शेवटी "जानकी" असं पूर्ण नाव आलं. आजार सुरू झाल्यापासून माझा शब्द पुरा होईपर्यंत थांबलेलं ते पहिलं माणूस.

त्यांनी छातीला नळी लावून पुष्कळ वेळ ऐकलं. मग विचारलं, "लहानपणी हिचे सांधे सुजले होते का? ताप येऊन?"

मी विसरले होते. आईला आठवलं. मी अकरा-बारा वर्षांची असताना माझे गुडघे आणि घोटे सुजून लाल झाले होते, महिनाभर मी अंथरुणात होते. त्यानंतर काही महिन्यांनी माझा हात असाच वाकडातिकडा जायचा, पाटीवरची अक्षरं तिरकी पडायची, आणि गुरुजींनी आळशी म्हणून छड्या मारल्या होत्या. पुढे ते आपोआप थांबलं आणि सगळे विसरून गेले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हाच हे आलं होतं. सांध्यांचा तो ताप उतरला तरी अंगात आपली खूण ठेवून जातो. काळजाच्या झडपेवर ठेवतो, आणि कधीकधी मेंदूच्या ज्या भागातून हातापायांना हुकूम सुटतात तिथेही ठेवतो. दिवस राहिले की ते जुनं दुखणं पुन्हा जागं होतं. इंग्रजीत त्याला कोरिया म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ नाच.

"नाच" ऐकून आई रडायला लागली. मला मात्र एकदम हलकं वाटलं, हे मी सांगितलं पाहिजे. आजाराला नाव होतं. म्हणजे माझ्याआधीही कुणा बायांना तो झाला होता, आणि कुणीतरी तो ओळखून ठेवला होता. मला वेड लागलं नव्हतं, आणि कुणी माझ्यात शिरलंही नव्हतं.

मी बरी होईन का, असं यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, बहुतेक बाया बाळंत झाल्यावर बऱ्या होतात. तिथवर आपल्याला पोहोचायचं आहे.

* * *

मला कोपऱ्यातली खोली दिली. खाट नव्हती, जमिनीवरच गाद्या घातल्या आणि भिंतीलाही गोधड्या टेकवल्या, म्हणजे हात आपटला तरी लागू नये. खिडकीवर हिरवा पडदा. मोठ्याने बोलायचं नाही, भेटायला फार माणसं यायची नाहीत. सकाळी आया अंग पुसून देई, मग दूध, मग गुंगीचं औषध. दुपारी पेज, पुन्हा औषध. दिवस सगळे सारखेच असायचे. आधी मला त्यांचा कंटाळा आला, नंतर तोच सारखेपणा आधार वाटू लागला.

पहिल्याच आठवड्यात माझ्या काचेच्या बांगड्या भिंतीवर आपटून फुटल्या आणि मनगटात काच गेली. सगळ्या बांगड्या काढा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आईचा चेहरा पडला. सवाष्णीचे हात ओकेबोके कसे ठेवायचे, आणि तेही पोटुशी असताना. सासूबाईंनी तेलाचा हात लावून एकेक बांगडी उतरवली. मग बाजारातून सूत आणून हळदीत भिजवलं आणि दोन्ही मनगटांना बांधलं. "ही फुटत नाय," एवढंच म्हणाल्या.

हे भात झोडणीत अडकले होते, तरी जमेल तेव्हा येत. यांना बोलायला फारसं येत नाही. खाली बसायचे, पंच्याने माझी लाळ पुसायचे आणि शेतात काय चाललं आहे ते सांगायचे. पितळी चमचा माझ्या दातांवर आपटायचा, एकदा दाताचा टवका उडाला. पुढच्या खेपेला यांनी शिवणीच्या लाकडाचा चमचा स्वतः कोरून आणला. कडा इतक्या गुळगुळीत केल्या होत्या की तोंडात असून नसल्यासारखा वाटे.

घरी जाऊबाईंवर कामाचा डोंगर पडला होता. कापणी, झोडणी, म्हशी, चूल, सगळं त्या एकट्या ओढत होत्या. कुणापाशी तरी त्या म्हणाल्या होत्या की एकीनं मूल जन्माला घालायचं आणि दुसरीनं मरायचं. ते फिरत फिरत माझ्या कानावर आलं. मला राग आला, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही हेही कळत होतं. आजारी माणूस एका जागी पडून असतं, पण त्याचा भार घरभर हिंडत असतो.

* * *

पाचव्या महिन्यात आजार अगदी टोकाला गेला. औषधानेही झोप येईना. अंग एवढं उसळायचं की कोपरांची सालं निघाली. गिळता येईना, आणि त्यात ताप भरला.

डॉक्टरीणबाईंनी यांना आणि सासूबाईंना पडद्यापलीकडे बोलावून घेतलं. मला सगळं ऐकू येत होतं. त्या म्हणाल्या, असंच चाललं तर काळीज थकेल. गर्भ काढला तर ही वाचण्याची आशा जास्त आहे. तुम्ही विचार करा.

हे म्हणाले, मला काय सुचत नाय. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

मला वाटलं होतं सासूबाई नातवंडाचं नाव काढतील. कितीतरी वर्षं त्या घरात पाळणा हलायची वाट पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, मला सून पायजे. पोराचं मागनं बघू."

मी पडल्या पडल्या रडले. तो आवाज ऐकून डॉक्टरीणबाई आत आल्या आणि माझ्याजवळ जमिनीवर बसल्या. "जानकीबाई, तुमचं काय म्हणणं आहे?"

वाक्य फार लांब नव्हतं, पण बाहेर यायला पुष्कळ वेळ लागला. मी म्हणाले, "थोडं थांबा."

त्यांनी माझी नाडी धरून ठेवली. "थांबू. पण ताप वाढला तर मी पुन्हा विचारायला येणार नाही."

ताप वाढला नाही. त्यांनी औषध बदललं, नळीने दूध घातलं. दोन-तीन दिवसांनी अंगातला ताप उतरला आणि मला पहिल्यांदा सलग झोप लागली. सकाळी जागी झाले तेव्हा हात अजून सुरू व्हायचे होते. जागेपणीच्या पहिल्या क्षणी ते असे शांत असत. तेवढ्यात ओटीपोटात काहीतरी हललं. आधी वाटलं, आता हा आजार पोटातही शिरला. पण ते झटका दिल्यासारखं नव्हतं. मासा वळावा तसं ते हळूच वळलं, थांबलं, आणि पुन्हा वळलं. माझ्या अंगात अशीही एक हालचाल होती जी आजाराची नव्हती. सासूबाई शेजारी होत्या. मी त्यांना सांगायला तोंड उघडलं आणि हात सुटले, मान सुटली, सगळं पुन्हा सुरू झालं. पण त्या गोंधळातही आत ते आपलं आपण चाललं होतं. सासूबाईंना माझा चेहरा पाहूनच कळलं.

* * *

त्यानंतर आजाराला चढ नव्हता. सातव्या महिन्यापासून हात थोडे थोडे माझ्याकडे परत येऊ लागले. आधी उजवा. पेला धरता आला त्या दिवशी आयेने सगळ्या इस्पितळात जाऊन सांगितलं. शब्द जुळू लागले. फाल्गुनात एका सकाळी मुलगी झाली. लहान होती, पण रडली ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी. तिचं नाव तारा ठेवलं.

पहिले काही दिवस तिला माझ्याकडे एकटीला देत नसत. मी बसायचे, आई मागून मला धरायची आणि सासूबाई ताराला छातीशी लावायच्या. तीन बायका मिळून एका लेकराला पाजत होतो. महिना उलटला तेव्हा मी तिला एकटीने उचललं.

किन्हवलीला परत गेले तेव्हा जाऊबाई दारात तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्या पायांवर पाणी घातलं आणि ताराला घेतलं ते संध्याकाळपर्यंत दिलंच नाही. त्या बोलण्याचा विषय ना त्यांनी काढला ना मी. तारा त्यांनाही आईच म्हणते.

* * *

दुसऱ्या खेपेला युद्ध चालू होतं. रॉकेल मिळत नव्हतं, साखर दिसत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी मला सांगून ठेवलं होतं की घाई करू नका, आणि दिवस राहिलेच तर पहिल्या महिन्यात माझ्याकडे या, हात हलायची वाट पाहू नका. मी तशी गेले. जाताना भीती वाटत होती. बाईंनी काळीज तपासलं आणि म्हणाल्या, या वेळी आजार येईल असं गृहीत धरू आणि त्याच्याआधी तयार राहू.

म्हणून मी सुरुवातीपासून माहेरी मुरबाडला राहिले. जड काम नाही, उन्हात जाणं नाही, दुपारची झोप चुकवायची नाही. मोटारीने दर महिन्याला कल्याणला जाऊन तपासून यायचं. चौथ्या महिन्यात डावा हात उडू लागला. मी आईला सांगितलं, आई उठली आणि माझ्या अंथरुणाभोवती उशा लावल्या. या वेळी कुणी घाबरलं नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही. आजार डाव्या खांद्यापर्यंत चढला आणि तिथेच राहिला. तोंडाला आलाच नाही.

ज्या बायांना हे वाचून दाखवलं जाईल त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. हात उडायला लागले तर लपवू नका, आणि कुणी घट्ट धरून ठेवू लागलं तर धरू देऊ नका, त्याने ते जास्त उसळतात. पाणी झारीने प्या, सांडत नाही. बांगड्या वेळीच उतरवा, सौभाग्य काही काचेत नसतं. लहानपणी सांधे सुजले असतील तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. आणि रडू आलं तर रडा. या आजारात रडू उगीचच येतं आणि तसंच जातं. दुसऱ्या खेपेला मला मुलगा झाला. तिसरं नको, काळजाला झेपणार नाही, असं बाईंनी यांना समोर बसवून सांगितलं आणि यांनी ते मान्य केलं. काही नातेवाइकांना ते पटलं नाही, पण घरात पटलं तेवढं पुरे.

त्या दुसऱ्या खेपेच्या वेळी तारा पाच वर्षांची होती. माझा हात उडायचा तेव्हा तिला तो खेळ वाटायचा. ती समोर बसून आपला हात तसाच उडवायची. पहिल्यांदा तिने तसं केलं तेव्हा आई तिच्या अंगावर धावून गेली, पण मला हसू आलं. या आजारावर मी हसले ते तेव्हाच. मग आमचा तो रोजचा खेळ झाला. माझा हात कुठे जाईल ते मला ठाऊक नसायचं, तिलाही नसायचं, आणि ती मागोमाग तसंच करायला बघायची.

बाळंतपण झाल्यावर महिनाभरात हात थांबला. एका दुपारी मी अंगणात बाळाला तेल लावून बसले होते. तारा येऊन समोर बसली.

"आई, हात नाचव ना."

"आता नाय नाचत तो."

"मुद्दाम नाचव."

मी हात वर केला, बोटं हलवली, खांदा उडवला. तिने बारकाईने पाहिलं.

"असं नाय," ती म्हणाली. "हे खोटं हाय."

मी पुन्हा करून पाहिलं, वेगळ्या तऱ्हेने. मला काही केल्या तसं जमेना. ती कंटाळून उठून गेली. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत बसले. ते जिथे ठेवले होते तिथेच होते.